एसी लावला की गाडी का तापते?

जुलैतल्या शनिवारी संध्याकाळी ओक ट्री रोडवर पाऊण मैल जायला कधी कधी पाऊण तास लागतो, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. बाहेर ९५ फॅरनहाइट, काचा बंद, एसी पूर्ण जोरात, मागच्या सीटवर भारतातून आलेले आई-वडील आणि समोर लाल दिव्यांची न संपणारी रांग. अशा वेळी डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा हळूहळू वर सरकू लागतो. एसी बंद केला की पाच मिनिटांत खाली येतो. पुन्हा लावला की पुन्हा वर.

मी आयुष्यभर थर्मोडायनॅमिक्स शिकवलं. त्यामुळे निवृत्तीनंतरही मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो. "सर, एसी लावला की गाडी तापते. एसी बिघडला असेल का?" श्रीखंडाची वाटी हातात असताना यावर नीट बोलता येत नाही, म्हणून संपादकांनी पानं दिली तेव्हा हाच विषय घेतला.

उत्तराचा पहिला भाग असा, की बहुतेक वेळा एसी निरोगी असतो. हृदयविकाराच्या तपासणीत डॉक्टर आपल्याला पट्ट्यावर चालायला लावतात, ती स्ट्रेस टेस्ट आपल्या वयाच्या मंडळींना चांगली परिचयाची आहे. खुर्चीत बसून सगळं ठीक वाटतं, चढ दिला की दुखणं दिसतं. एसी ही इंजिनाच्या शीतकरण यंत्रणेची स्ट्रेस टेस्ट आहे. दुखणं आधीपासून असतं, एसी ते फक्त दाखवतो.

आता थोडा हिशेब. घाबरू नका, गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे काही नाही. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. ढोबळमानानं त्यातली एक तृतीयांश चाकं फिरवायला लागते, एक तृतीयांश धुराड्यातून जाते आणि उरलेली एक तृतीयांश कूलंटमधून रेडिएटरकडे येते. पासष्ट मैलांच्या वेगानं हायवेवर चाललेली, गॅलनला तीस मैल देणारी गाडी तासाला आठ-सव्वाआठ लिटर पेट्रोल जाळते. म्हणजे रेडिएटरला सुमारे २४ किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. तीच गाडी सिग्नलला उभी असताना तासाला सव्वा लिटरच जाळते, आणि रेडिएटरवरचा बोजा साडेतीन-चार किलोवॉटवर येतो.

यात एसी मिसळा. गाडीतली उष्णता आणि कॉम्प्रेसर फिरवायला लागलेली शक्ती, दोन्ही मिळून रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमधून बाहेर पडतात. उन्हात तापलेल्या गाडीत हा आकडा सहज पाच-सहा किलोवॉट होतो. हायवेवर २४ च्या जोडीला सहा म्हणजे पावपट वाढ. उभ्या गाडीत मात्र चारच्या जोडीला सहा, म्हणजे इंजिनापेक्षा एसीच जास्त उष्णता टाकतो! आणि कंडेन्सर पुढे असल्यामुळे ही सगळी ऊब आधी हवेत मिसळते आणि मग ती हवा रेडिएटरवर येते. पंखा सेकंदाला अर्धा घनमीटर हवा ओढत असेल तर ती कंडेन्सरमधून जाताना सुमारे दहा अंश सेल्सियसनं तापते. बाहेर ३५ अंश असले तरी रेडिएटरला ४५ अंशांची हवा मिळते. बरं, उभ्या गाडीत ही हवा आणणार कोण? वारा नाही, वेग नाही. सगळी भिस्त त्या एका किंवा दोन विजेच्या पंख्यांवर.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच: गाडी उभी असताना तापते की पळताना? या एका उत्तरानं निम्मं निदान होतं. मेकॅनिकनं हा प्रश्न न विचारता किंमत सांगितली तर मी गाडीची किल्ली परत मागतो.

उभी असताना तापते, हायवेला लागली की काटा खाली येतो, तर दोष हवेत आहे. इंजिन थंड असताना गाडी अंगणात उभी करा, सुरू करा, एसी सगळ्यात गार करून पूर्ण जोरात लावा आणि बॉनेट उघडून दुरून बघा. बहुतेक गाड्यांत मिनिट-दोन मिनिटांत पंखा फिरू लागायला हवा. हात, ओढणी, टाय लांब ठेवा. हे पंखे इंजिन बंद असतानाही स्वतःहून सुरू होऊ शकतात. पंखा फिरत नसेल तर क्रमानं बघायचं: फ्यूज, रिले, वायरचं कनेक्टर, मग मोटर. दोन पंखे असतील तर दोन्ही फिरतात ना हे बघा, कारण एक चालू असला की सगळं ठीक आहे असं वाटतं. काही गाड्यांत पंख्याला कमी आणि जास्त असे दोन वेग असतात. कमी वेगाचा रेझिस्टर जळला की पंखा कमी वेगाला फिरतच नाही आणि पाणी फारच तापल्यावर एकदम जोरात सुटतो. मालक म्हणतो, "फिरतो की पंखा, मी आवाज ऐकलाय."

फिरणारा पंखासुद्धा चुकीच्या दिशेनं फिरू शकतो. मोटर बदलताना दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर तो हवा मागे ओढण्याऐवजी पुढे ढकलतो. पुढच्या जाळीसमोर टिश्यू पेपर धरा. कागद जाळीकडे ओढला गेला पाहिजे. तो तुमच्याकडे उडत आला तर काय ते समजा. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडंही महत्त्वाचं असतं. अपघाताच्या दुरुस्तीनंतर ते परत बसवलं नाही तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूची गरम हवा घुसळत बसतो.

आणि कचरा. आपल्याकडे न्यू जर्सीत मेपलची भिरभिरती बियाणं, मे महिन्यातला परागाचा पिवळा थर, रस्त्यावरचे किडे आणि शिशिरातला पालापाचोळा, हे सगळं कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत जाऊन बसतं. पुढून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. बॅटरी घेऊन वरून फटीत बघितलं की आत गोधडी सापडते. बागेच्या नळीनं, बेताच्या जोरानं, शक्य असेल तिथे इंजिनाच्या बाजूनं पुढे असं पाणी मारावं. दाबाच्या मशीननं मारू नका. त्या पातळ पात्या आडव्या होतात आणि रोग कायमचा होतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पिस्कॅटवेतल्या एका तरुण कुटुंबाच्या बाबतीत घडलेलं सांगतो. नाशिकहून आलेल्या आई-वडिलांना घेऊन ते ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात निघाले होते. २८७ वर अपघातामुळे गाड्या खोळंबल्या, वीस मिनिटांत काटा लाल पट्ट्याला टेकला आणि बॉनेटमधून वाफ आली. आजोबांना रक्तदाबाचा त्रास, त्यात ते तळपणारं ऊन. गाडी टो करून एका गॅरेजमध्ये नेली. तिथे सांगण्यात आलं, की हेड गॅस्केट गेलं आहे, तीन हजार डॉलर लागतील, गाडी अकरा वर्षांची आहे तेव्हा विकून टाका. मुलगा नव्या गाडीच्या कर्जाची चौकशी करायला लागला होता. मी त्याला एवढंच विचारलं, की गॅस्केटची चाचणी केली का? केली नव्हती.

आम्ही कूलंट भरून रविवारी पहाटे गाडी काढली आणि एसी लावून २८७ वरून मॉरिसटाउनपर्यंत जाऊन परत आलो. काटा जागचा हलला नाही. गॅस्केट फुटलं असतं तर इंजिनावर जास्त भार असताना ते आणखी त्रास देतं, कमी नव्हे. मग अंगणात एसी लावून बघितलं. दोन पंख्यांपैकी एकच फिरत होता. या गाडीत दुसरा पंखा प्रामुख्यानं एसीसाठी, त्याचा रिले वेगळा. एसीशिवाय एका पंख्यावर भागत होतं, म्हणून महिनोन्महिने कुणाला पत्ता नाही. फ्यूजच्या डब्यात हॉर्नचा रिले अगदी त्याच क्रमांकाचा होता. तो काढून पंख्याच्या जागी लावला आणि दुसरा पंखा गरगर फिरू लागला. नवा रिले वीस-पंचवीस डॉलरचा. आजी-आजोबा त्याच गाडीतून परतीच्या विमानाला नेवार्कला गेले.

आता दुसरी बाजू. ओक ट्री रोडवर काटा शहाणा, पण पार्कवेवर सत्तरनं जाताना किंवा ८० नंबरच्या रस्त्यानं डेलावेअर वॉटर गॅप ओलांडून पोकोनोजचा चढ चढताना वर जातो. इथे हवा भरपूर असते, पंख्याची गरजच नसते. दोष बहुधा पाण्याच्या प्रवाहात असतो. रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून गाळानं बुजलेल्या, पाण्याच्या पंपाची पाती झिजलेली, खालचा रबरी पाइप पंपाच्या ओढीनं चपटा होणारा, किंवा कूलंटच कमी. अशी गाडी एसीशिवायही काठावरच असते, वरची पावपट सहन होत नाही. एक साधी गोष्ट हवेच्या बाजूचीही आहे. पुढच्या बंपरच्या खाली प्लॅस्टिकची पट्टी असते, ती हवा रेडिएटरकडे वळवते. बर्फाच्या ढिगावर गाडी चढवली की ती तुटून जाते आणि आपल्याला वाटतं शोभेची होती.

एसी लावताक्षणी पट्टा किंचाळत असेल तर तोही संशयित. बऱ्याच गाड्यांत एकच लांब पट्टा कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरवतो. कॉम्प्रेसरचा भार आला की सैल पट्टा घसरतो आणि पंप मंदावतो. आणखी एक खास एसीचं कारण म्हणजे दुकानातून डबा आणून स्वतःच भरलेला गॅस. थोडा जास्त भरला की कंडेन्सरमधला दाब वाढतो, कॉम्प्रेसरवरचा भार वाढतो, आणि थंडावा उलट कमी होतो. जास्त म्हणजे चांगलं हा नियम मोदकातल्या सारणालाही लागू नाही.

थर्मोस्टॅटबद्दल माझं मत जरा तिखट आहे. तो स्वस्त असतो म्हणून प्रत्येक जण आधी तोच बदलतो, डोकं दुखलं की क्रोसिन घ्यावी तसा. थर्मोस्टॅट सुमारे १९५ फॅरनहाइटला, म्हणजे ९० सेल्सियसला उघडतो. तो बंद अवस्थेत अडकला तर गाडी एसी लावा न लावा, दहा-पंधरा मिनिटांत तापते. फक्त एसी लावल्यावरच तापणाऱ्या गाडीत तो संशयितांच्या यादीत बराच खाली.

सत्तरच्या दशकात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं बोरघाट चढलेल्यांना हे दृश्य आठवत असेल: कडेला बॉनेट वर करून उभ्या असलेल्या फियाट आणि अँबॅसडर, रेडिएटरवर ओलं फडकं, आणि डिकीतला पाण्याचा डबा. त्या गाड्यांत एसी नव्हता. त्यांचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा. आज त्याच घाटात मे महिन्याच्या सुट्टीत एक्स्प्रेसवेवर कोंडी झाली की आधुनिक गाड्या वाफाळताना दिसतात. चढामुळे इंजिनावर भार, वेग नाही म्हणून वारा नाही, आणि वर एसी. अमेरिकेत अशाच जागी रस्त्यावर पाट्या लावलेल्या आहेत. कॅलिफोर्नियात लास व्हेगसकडे जाणाऱ्या १५ नंबरच्या रस्त्यावरच्या चढाला आणि ॲरिझोनात फिनिक्सहून फ्लॅगस्टाफकडे जाणाऱ्या १७ नंबरच्या चढाला सरकारच सांगतं, की इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. मुलांकडे पश्चिमेला जाणाऱ्यांनी ती पाटी थट्टेवारी नेऊ नये.

थोडं विषयांतर. पहिला आधुनिक एसी विलिस कॅरिअरनं १९०२ मध्ये आपल्या शेजारच्या ब्रुकलिनमध्ये बसवला, तो माणसांसाठी नव्हे तर छापखान्यासाठी. दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. दिवाळी अंक छापणाऱ्यांना ही गोष्ट आवडावी. गाडीत कारखान्यातूनच एसी बसवून देण्याची सुरुवात पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या मॉडेलात केली. ते यंत्र डिकीची निम्मी जागा खायचं आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी नको असेल तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवायचा! आजची गाडी हे काम स्वतः करते. इंजिन फार तापलं तर संगणक कॉम्प्रेसर बंद करतो. म्हणून कोंडीत अचानक एसीतून कोमट हवा येऊ लागली तर एसीला दोष देण्याआधी तापमान बघा. तो पहिला इशारा असू शकतो.

मात्र ते तापमान काट्यावर बघून भागत नाही. पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम आळशी केलेला असतो, ग्राहक उगाच घाबरू नये म्हणून. एका मोठ्या पट्ट्यात तो मध्यावर गप्प बसतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रत्येक गाडीत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात लावायचं छोटं यंत्र वीस-तीस डॉलरला मिळतं आणि कूलंटचं खरं तापमान फोनवर दाखवतं. साधारण ९० ते १०५ सेल्सियस ठीक. ११० च्या पुढे जाऊन चढतच राहिलं तर लक्ष द्या. ११८-१२० ला थांबाच.

थांबायच्या आधी करायची एक गोष्ट उलटी वाटते, पण उपयोगी आहे. एसी बंद, काचा खाली आणि हीटर पूर्ण जोरात. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आतला छोटा रेडिएटरच. तो इंजिनाची उष्णता गाडीत ओततो. घामाघूम व्हाल, पण बाहेर पडायच्या वाटेपर्यंत पोचाल. हीटरमधून गार हवा आली तर मात्र एक मिनिटही पुढे जाऊ नका. कूलंट संपलेलं आहे किंवा फिरत नाही, असा त्याचा अर्थ. काटा अशा वेळी खाली आलेला दिसू शकतो, कारण सेन्सर पाण्याऐवजी वाफेत लटकत असतो. ड्रिस्कॉल पुलासारख्या ठिकाणी थांबावं लागलं तर इंजिन बंद करा, धोक्याचे दिवे लावा, शक्य असेल तिथे वृद्धांना आणि मुलांना रहदारीपासून दूरच्या बाजूनं उतरवा आणि कठड्यापलीकडे न्या.

आणि रेडिएटरचं झाकण उघडू नका. माझ्या एका विद्यार्थ्याच्या हाताला त्यामुळे पडलेले डाग अजून आहेत. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिटी आणि रेडिएटरचं झाकण जवळजवळ एकाच दाबाला, चौरस इंचाला १५ पौंडांच्या आसपास, काम करतात. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असं कूलंट उघड्यावर सुमारे १०७ सेल्सियसला उकळतं, तर या दाबाखाली १२९ पर्यंत तग धरतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ११५ अंशांचं पाणी क्षणात उसळतं. शिटी न जिरता कुकर उघडणारी सुगरण मी पाहिलेली नाही. हेच उलटंही खरं आहे: झाकणाची स्प्रिंग थकली आणि दाब टिकला नाही तर चांगली यंत्रणासुद्धा लवकर उकळते. जुन्या गाडीत झाकण बदलणं हा सर्वांत स्वस्त उपाय, पंधरा-वीस डॉलरचा.

अडचणीच्या वेळी इंजिन गार झाल्यावर साधं पाणी भरायला हरकत नाही, पण ते तसंच ठेवू नका. डोंबिवलीत चाललं असतं. इथे जानेवारीत ते गोठतं, फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक फोडतं. आणि जुनं कूलंट अंगणात ओतू नका. ग्लायकॉल गोड लागतं, विषारी असतं, आणि शेजाऱ्याचा कुत्रा ते चाटतो.

हेड गॅस्केट खरंच गेलेलं असू शकतं, हेही सांगायला हवं. विशेषतः गाडी एकदा लाल पट्ट्यात बराच वेळ चालवली गेली असेल तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. खुणा अशा: बाहेर गळती नसताना कूलंट कमी होत राहणं, धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली कॉफीत दूध घातल्यासारखा फेस, थंड इंजिन सुरू केल्याबरोबर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे. यावर एक साधी चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची नळी धरतात. कूलंटमध्ये जळलेला वायू येत असेल तर तो निळा द्रव पिवळा होतो. दहा मिनिटांचं काम. कुणी गॅस्केटचं नाव घेतलं तर ही चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा, आणि शीतकरण यंत्रणेत दाब भरून तो टिकतो का हेही बघायला सांगा. तयारी नसेल तर दुसरीकडे जा. स्टेल्टन रोडपासून रूट २२ पर्यंत गॅरेजांना तोटा नाही.